सुपडू, त्यांचं ते सोन्याचं वर्ष

सुपडू,

तुझ्या दहाव्याच्या दिवशी जळगावहून रतनशेठचा माणूस आला. मी डोक्यावरून पाणी घेऊन नुकतीच ओट्यावर टेकले होते. तो चपला न काढता दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, शेठनी फोटो मागितलाय. त्या वर्षातला. हातमोजे घातलेला."

मी विचारलं, "त्या वर्षातला म्हणजे?"

तो हसला. दहाव्याच्या दिवशी, माझ्या दारात उभा राहून हसला. "असं काय करता अक्का? अख्ख्या खान्देशाला माहीत आहे. टायगरचं सोन्याचं वर्ष!"

मी सरकारी दवाखान्यातली नर्स. पू, रक्त, उलट्या, सडलेल्या पायाचा वास, सगळं या हातांनी उपसलंय आणि घरी येऊन त्याच हातांनी भाकरी थापलीय. अक्काला कशाची किळस येत नाही, असं वॉर्डातल्या पोरी म्हणतात. त्या माणसाच्या हसण्याची मात्र मला किळस आली.

तसा फोटो माझ्याकडे नाहीच. एक आहे तो तुझा एस.टी.च्या खाकी अर्ध्या चड्डीतला. हातात बादली, उन्हानं डोळे बारीक केलेले, मागे अर्धी धुतलेली गाडी. तो दाखवला तर त्यानं हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाला, "हा नको. ह्याच्यात टायगर दिसत नाही."

तो गेल्यावर मी ओटा धुऊन काढला.

आईची तुझ्याआधीची दोन मुलं गेली, म्हणून तू जन्मल्याबरोबर तिनं तुला सुपात घातलं आणि तुझं नाव सुपडू पडलं. आपल्याकडे दर दोन घरांआड एक सुपडू सापडेल. यमाला वाटावं, हे काय, पाखडून टाकलेलं पोर, आणि त्यानं पुढच्या दारी जावं, म्हणून ठेवायचं ते नाव. रतनशेठला ते खेडवळ वाटलं. बॉक्सिंगच्या लाल शाईतल्या जाहिरातींवर त्यानं तुला टायगर एस. पाटील केलं. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, आईनं जे नाव तुला वाचवायला ठेवलं ते टाकू नकोस. तू म्हणालास, "अक्का, सुपडू कोनी देखाले येस का?" तुझंही बरोबर होतं. सुपडूला बघायला कोण तिकीट काढणार?

फौजेतून सुटून आलास तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. मी विधवा होऊन माहेरी परतले, मग आबांनी मला धुळ्याला नर्सिंग शिकायला पाठवलं, त्यालाही तोवर बरीच वर्षं लोटली होती. अमळनेरजवळच्या आपल्या गावात तू राहशील, शेत बघशील, असं आबांना वाटत होतं. तुझ्या पत्र्याच्या ट्रंकेत मात्र कातडी हातमोज्यांची जोडी निघाली आणि इंग्रजी मासिकांतून कापलेली चित्रं. ती तू धुळ्यातल्या देवपुरात माझ्या खोलीच्या भिंतीवर खळीनं चिकटवलीस. माझी देवीची तसबीर सरकवून चिकटवलीस. उघडे, घामेजलेले, नाकं चेपलेले परदेशी पुरुष. शेजारची ताई विरजण मागायला आली ती उंबऱ्यातूनच परत गेली.

तुझ्या पलटणीतल्या कुणा हवालदारानं तुझ्या डोक्यात भरवून दिलं होतं की प्रत्येक चॅम्पियनचं एक वर्ष असतं. त्या वर्षी तो हरत नाही. समोर कोणीही येवो, तो त्याला झोपवतो. बाकीची सगळी वर्षं त्या एका वर्षाच्या आगेमागेची. भिंतीवरच्या एकेकाच्या छातीवर बोट ठेवून तू मला सांगायचास, "अक्का, हाऊ गडी देख. त्या एक वरीसमा यानं बठ्ठास्ले झोपाडं!"

मी तव्यावरची भाकरी उलटत विचारायची, "आणि पुढच्या वर्षी त्याचं काय झालं?"

"पुढलं कोन देखस?"

कुणाचं वर्ष सगळ्यांत मोठं, यावर तू माझ्याशी भांडायचास. एकानं कमी लढती केल्या पण सगळ्या तगड्यांशी, दुसऱ्यानं जो आला त्याला झोडला, मग मोठा कोण? मला त्यातल्या एकाचंही नाव धड घेता यायचं नाही. मी आपली हट्टानं एकच प्रश्न विचारायची. नर्स दुसरं काय विचारणार? आमच्याकडे माणूस येतो तो पुढच्या वर्षीच येतो.

मग तुझं वर्ष आलं. पहिल्या निवडणुका होऊन गेल्या त्याच्या पुढचं. रतनशेठचा जळगावात जीन होता, कापसातून सरकी काढायचा कारखाना. कुस्त्यांना आश्रय देणारे मोठे लोक आपल्याकडे पुष्कळ, त्यात त्याला कोणी विचारत नव्हतं. बॉक्सिंग नवं होतं. हंगाम संपला की जीनच्या मोकळ्या आवारात तो फळ्या ठोकून रिंग उभी करायचा, भोवती दोर, दोराभोवती बाकं, बाकांच्या मागे उभी माणसं. पेट्रोमॅक्स लावायचा. पहिल्या रांगेत वकील, डॉक्टर, आडत्ये, एकदोन पुढारी. दारूबंदी होती, पण पहिल्या रांगेच्या लिंबू सरबताला वास यायचा हे तूच मला सांगितलंस. जळगाव, भुसावळ, मालेगाव, बऱ्हाणपूर. भुसावळच्या रेल्वेतल्या गोऱ्यागोमट्या पोरांना तू पाडलंस, नाशिकच्या पोलिसांतल्या एकाला पाडलंस. वर्षभर हरला नाहीस.

माझ्यापर्यंत त्या वर्षाचं काय यायचं? लढतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.तून तू उतरायचास. शेठ तुला हळद घातलेलं दूध पाजून गाडीत बसवून द्यायचा, बाकीचं अक्का बघून घेईल म्हणून. भुवई उघडी पडलेली. ओठ आतून फाटलेला, म्हणून कालवण फुंकून फुंकून गिळायचास. बोटं इतकी सुजलेली की घास मीच भरवायची. एकदा मोरीत लाल पाणी दिसलं. मी विचारलं तर नजर चुकवून म्हणालास, "काल बीट खादं व्हतं."

"आपल्याकडे बीट कोण खातं रे मेल्या?"

तू हसलास आणि बरगडी धरून खाली बसलास.

आणि गळ्यातले ते हार. ते तू टाकू द्यायचा नाहीस. खिळ्याला लटकवून ठेवायचास. झेंडू कुजून काळा पडायचा, मुंग्या लागायच्या, खोलीत मर्तिकासारखा वास सुटायचा. आज मी सगळ्यांना शिव्या देतेय, मग तुलाही देते. ते हार मला त्या जखमांपेक्षा घाण वाटायचे, आणि ते तुला आवडायचे. शेठ तुला रेशमी झगा घालून मित्रांच्या बैठकीत न्यायचा, तिथे लोक तुझे दंड दाबून बघायचे, बाजारात बैल बघतात तसे. आणि तू दंड फुगवायचास.

मी तुझी पहिली लढत बघितली ती युसूफबरोबरची. धुळ्यातच होती, आग्रा रोडजवळच्या टॉकीजमागच्या मैदानात. तू हट्टच धरलास, "मन्ही अक्का येवाले पाहिजे." हजारभर पुरुषांत मी एकटी बाई, ड्यूटीवरून तशीच आलेली, पांढऱ्या साडीत. युसूफ धुळ्याच्याच मोगलाई वस्तीत मागावर कापड विणणारा. काटकुळा, लांब हातांचा, शांत. पहिल्या दोन राउंडमध्ये त्यानं तुला जवळ येऊच दिलं नाही. मला त्यातलं काही कळत नाही, पण तो चांगला होता हे मलाही कळलं. तुझं तोंड लाल झालं होतं.

मग भोवतालची माणसं बदलली. आधी ते तुझं नाव घेत होते. मग त्याच्या जातधर्माचा उद्धार सुरू झाला. मग देवाचं नाव घेऊन शिवी, शिवी घालून देवाचं नाव. माझ्या मागच्या बाकावर एक वकील होते. त्यांची अडलेली बायको मी रात्रभर उभी राहून सोडवली होती. ते बाकावर चढून ओरडत होते, "डोळा! डोळ्यावर हाण! फोड त्याचा डोळा!" त्यांच्या पानाचे शिंतोडे माझ्या साडीवर पडले. मी मागे वळून बघितलं. त्यांनी मला ओळखलं, नमस्कार केला, आणि पुन्हा ओरडायला लागले.

आणि तू ऐकलंस. तिसऱ्या राउंडमध्ये त्याचा डावा डोळा फुगला आणि तू फक्त तिथेच मारत राहिलास. पंचानं मध्ये पडेपर्यंत मारत राहिलास. तुझे दात दिसत होते. सुपडू, मी तुला पाळण्यात हलवलंय. ते तोंड माझ्या ओळखीचं नव्हतं.

सकाळी ड्यूटीवर गेले तर युसूफ माझ्याच वॉर्डात. अर्धं डोकं बांधलेलं. खाटेशी त्याची आई, हलीमाबी, तसबीचे मणी ओढत बसलेली. मी त्याची पट्टी बदलत होते, तेव्हा तिनं सहज विचारलं, "सिस्टर, जिसने मारा, उसकी भी माँ होगी ना?"

मी म्हटलं, "होती. वारली."

"अच्छा हुआ," ती म्हणाली. "देखना नहीं पडा बेचारी को." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं, त्या मेलेल्या बाईसाठी.

मी कोण ते मी तिला सांगितलं नाही. दोन दिवसांनी तू केळ्यांची फणी घेऊन आलास आणि वॉर्डाच्या दारातूनच हाक मारलीस, "अक्का!" हलीमाबीनं तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपलं नाक सारखं आहे, लपत नाही. ती बाकावर थोडी सरकली आणि तुला बसायला जागा करून दिली.

आणि तुम्ही दोघं! अर्ध्या तासात तुमचं सुरू झालं, डावा पाय कुठे होता आणि खांदा का उघडा पडला. तो खाटेवर पडल्यापडल्या हात हलवून दाखवतोय, तू उभा राहून. एकाला एका डोळ्यानं दिसतंय, दुसऱ्याच्या तोंडाला टाके, आणि हसताय. मला दोघांनाही वॉर्डाबाहेर हाकलावंसं वाटलं.

ती लढत गाजली म्हणून रतनशेठनं पुन्हा तीच लावली. जळगावला, जीनच्या आवारात. जाहिरातीत दोन चेहरे, एकाच्या कपाळावर टिळा काढलेला, दुसऱ्याला टोपी घातलेली. तुम्ही दोघंही रिंगणात तसे कधी उतरला नव्हता. आमच्या डॉक्टरांनी युसूफला माझ्यासमोर सांगितलं होतं, "डोक्याला पुन्हा मार बसला तर मी काहीही करू शकणार नाही." पण माग बंद पडले होते आणि त्याच्या घरी चूल थंड होती. तो हो म्हणाला. तू पण हो म्हणालास.

त्या संध्याकाळी मी भाकरीचं पीठ तसंच टाकून उठले. "मरेल तो सुपडू. मी त्याचं डोकं बघितलंय. तू त्याला मारून टाकशील."

तू खाली मान घालून बसलास. मग म्हणालास, "मी नही लढनू तं दुसरा लढी. तो तं त्याले मारीच टाकी."

मला ती पळवाट वाटली. "तुझं वर्ष पुरं व्हायला एक लढत राहिलीय, म्हणून चाललायस तू," मी म्हटलं. तू नाही म्हणाला नाहीस. न जेवता उठलास.

मी रजा टाकून जळगावला गेले, बँडेजची पिशवी घेऊन. बाकाशी नाही, दोराला खेटून उभी राहिले. पहिला राउंड तू नुसता भोवती फिरलास. दुसऱ्यात लोक चिडायला लागले. मग तू त्याच्या जवळ गेलास, त्याला मिठी मारल्यासारखं धरलंस आणि तसाच उभा राहिलास. पंचानं सोडवलं. तू पुन्हा जाऊन धरलंस. मग तुझे हात खाली आले. दोघंही एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभे, दमलेले बैल उभे राहतात तसे.

तेवढ्यात पहिला जोडा आला. मग सोड्याच्या बाटल्या, विटांचे तुकडे. "विकला गेला! टायगर विकला गेला!" वर्षभर ज्यांनी तुला खांद्यावर घेतलं त्यांनीच बाकं उचलून फेकली. पंचानं लढत रद्द केली. मी तुम्हाला दोघांना सरकीच्या गोदामात ओढलं. तिथे रतनशेठ आला. तुझ्या कपाळातून रक्त वाहत होतं, तिकडे त्यानं बघितलंही नाही. म्हणाला, "माझं वर्ष नासवलंस तू."

माझं वर्ष! सुपडू, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मार तुझा, रक्त तुझं, मोरीतलं लाल पाणी तुझं, आणि वर्ष त्याचं.

मी तुला वाटेत विचारलं, गाडीत विचारलं, नंतर कितीदा विचारलं. का थांबलास? तू दरवेळी तेच सांगायचास. "माले तठे दोन युसूफ दिसी ऱ्हायनात. कोन्ले मारू?" आणि हसायचास. तुझे डोळे बिघडले होते हे खरंच होतं, मी तपासून घेतले होते. म्हणून मला पुढे बोलता यायचं नाही. मी म्हणायची, तुझ्या सगळ्या लढतींत मला ती एकच आवडली. त्यावर तू चिडायचास. "ती लढत नव्हतीच अक्का. तो डाग आहे. तो पुसता आला असता तर माझं वर्ष पुरं झालं असतं." माझ्या अभिमानाची तुला लाज वाटायची. हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही.

त्यानंतर तू धुळ्याला माझ्याकडे कायमचा राहायला आलास आणि एस.टी. डेपोत गाड्या धुवायला लागलास. त्या दिवसांबद्दल कोणी कधी भाषण करणार नाही, म्हणून मी इथे लिहिते. संध्याकाळी तू डिझेलचा वास घेऊन यायचास. कोणती गाडी कुठून आली ते तिच्या चिखलावरून सांगायचास. काळा चिखल म्हणजे तापीकाठची, लाल म्हणजे साक्रीकडची. भरिताची वांगी भाजायला शिकलास, आणि मिरच्या इतक्या घालायचास की युसूफ पाणी पीत पीत रडायचा. तो दर शुक्रवारी यायचा. हलीमाबी एकदा आली, भिंतीवरची ती चित्रं बघून म्हणाली, "बेटा, इनको कपडे तो पहना दो." आपण किती हसलो. आठवतं?

पण त्या चांगल्या दिवसांतही तू मला न सांगता जळगावला जायचास. रतनशेठच्या पेढीसमोर उभा राहायचास. तो कधी हात हलवायचा, कधी नाही. एकदा त्यानं तुला पाहुण्यांसाठी दंड दाखवायला आत बोलावलं, आणि तू दाखवलेस. ते कळलं तेव्हा मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. तुझी कीव नाही आली मला, शिसारी आली. ती आजही गेलेली नाही. तुझ्यावर माया आहे म्हणून ती कमी होत नाही.

मग तुझा हात थरथरायला लागला. मग बोलताना जीभ जड. मग बादली कुठे ठेवली ते आठवेना, मग डेपो कुठे आहे ते. माणसं तुला दारू प्यालेला समजायची. वर्षभर ज्यांच्यासाठी डोकं पुढे केलंस त्यांतले लोक तुला रस्त्यात बघून पलीकडच्या बाजूला जायचे. शेवटी शेवटी तू मला "सिस्टर" म्हणायला लागलास, वॉर्डातले रोगी म्हणतात तसं, अदबीनं. तुला आंघोळ घालायला मला एकटीला उचलवायचा नाहीस. युसूफ यायचा, मागावर जायच्या आधी. त्यानं तुला धरायचं, मी पाणी घालायचं. त्याच्या त्या फुटक्या डोळ्यातून सारखं पाणी गळायचं. तो रडतोय की डोळा गळतोय, ते कधी कळलं नाही.

तुला पोचवून सगळे परतले तेव्हा युसूफ ओट्यावर बसून राहिला. मी त्याच्यापुढे चहा ठेवला. तो म्हणाला, "अक्का, मी शपथ घेतली होती त्याच्याजवळ. आता तो नाही, म्हणून सांगतो. त्या दिवशी जळगावला त्यानं मला धरलं ना, तेव्हा माझ्या कानात म्हणाला, 'मार माले. मी पडस. तू जितीन घरी जाय.' दोनदा म्हणाला. मी मारणार कसा? माझे हात वर होत नव्हते. मी म्हटलं, सुपडू, नहीं होता. तर म्हणाला, 'मंग असाच उभा ऱ्हाय.'"

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं त्यानं?"

"लढत सोडणं म्हणजे त्याच्या हिशेबी पाप होतं. लोकांनी आंधळा म्हटलेलं चालेल, म्हणायचा."

म्हणजे तू खोटारडा. इतकी वर्षं मला दोन युसूफ दाखवत राहिलास, आणि मी तुझ्या डोळ्यांत औषध घालत राहिले. तुझं वर्ष तू स्वतःच्या हातानं त्याला देऊन टाकायला निघाला होतास, आणि मी त्याच संध्याकाळी तुला म्हटलं होतं की तू वर्षापायी चाललायस. आता कोणाला सांगू?

काल रतनशेठनं तुझी शोकसभा केली. इथेच धुळ्यात, टॉकीजमागच्या त्याच मैदानात. शोकसभा म्हणजे आधी भाषणं, मग लढती. तुझ्या नावाचा चषक ठेवलाय. तो माझ्या हातून द्यायचा होता. जायचं नव्हतं, पण गेले. माझ्याशिवाय तिथे खरं बोलणारं कोण होतं?

व्यासपीठावर तुझा मोठा फोटो, त्यांना मिळाला कुठूनतरी. झेंडूचा हार. वकीलसाहेब बोलले, आता ते पुढारी झालेत. सोन्याचं वर्ष, खान्देशचं नाव, तरुणांनी आदर्श घ्यावा. रतनशेठ बोलताना रडला. खरे अश्रू, सुपडू. आपण तुझ्यावर माया केली असं त्याला मनापासून वाटतं. ते बघणं सगळ्यांत वाईट होतं.

मग मला उभं केलं. माईक माझ्या उंचीला खाली केला. मी म्हटलं, "त्या वर्षाचं तुम्ही सगळ्यांनी सांगितलं. मी पुढच्या वर्षांचं सांगते." आणि सांगितलं. तुला लघवीतून रक्त जायचं ते. जेवताना घास तोंडाऐवजी गालाला लावायचास ते. तुला स्वच्छ करताना तू लाजून डोळे मिटायचास ते. बहिणीला सिस्टर म्हणायचास ते. समोर लहान मुलं होती, तरी सांगितलं. रिंगच्या कोपऱ्यात दोन तरणी पोरं हातमोजे बांधून बसली होती, मी त्यांच्याकडे बघून सांगितलं. एकानं मान खाली घातली. दुसरा कोपऱ्यातल्या दोराला पाठ टेकून पाय सैल करत होता.

युसूफनं सांगितलेलं मात्र मी तिथे बोलले नाही. ते त्यांच्या हातात द्यायचं नव्हतं. त्यांनी त्याचीही जाहिरात छापली असती.

मी थांबले. कोणी हललं नाही. मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात रतनशेठ उठला, माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माईकमध्ये म्हणाला, "बहिणीचं हृदय आहे. अक्कांच्या भावना आपण समजू शकतो." टाळ्या पडल्या. आणि घंटा वाजली. ती दोन पोरं उठली आणि एकमेकांना मारायला लागली.

मी शाल खुर्चीवर टाकली, नारळ खुर्चीखाली ठेवला आणि चालू लागले. चषक त्यांचा त्यांनी द्यावा. फाटकापाशी युसूफ उभा होता, आत आलाच नव्हता. आम्ही दोघं पांझरेच्या पुलापर्यंत आलो. ऊन उतरलं होतं. नदीत पाणी थोडंच, धोबी कपडे गोळा करत होते. पाठीमागून मैदानातला गलका येत होता, मध्येच चढायचा, मध्येच बसायचा.

युसूफ चालता चालता थांबला. कठड्याला टेकला आणि मान तिरकी करून ऐकायला लागला. ज्या मैदानात त्याचा डोळा गेला तिथला गलका!

मी ओरडले, "तुला लाज नाही वाटत?"

तो ओशाळला. म्हणाला, "दुसरा राउंड चाललाय अक्का. कोण तरी चांगला मारतोय. डाव्या हाताचा असेल." मग हळूच म्हणाला, "सुपडू असता तर त्यानं इथून सांगितलं असतं कोण जिंकणार."

मी तिथून निघून जायला हवं होतं. नाही गेले. त्याच्या शेजारी कठड्याला हात टेकून उभी राहिले. गलका चढला, आणि ते सगळे कुणाचं तरी नाव घेऊन ओरडायला लागले. वाऱ्यानं शब्द नीट येत नव्हते. मी पदर कानामागे सारला.

सांगायलाही किळस वाटते सुपडू, पण त्या ओरड्यात मी तुझं नाव शोधत होते.